वर्षाअखेरचं पाणी

मी कोल्हापूर सोडलं त्या संध्याकाळी आईनं मला तिचा फोटो काढू दिला नाही.

स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. नवीन वर्ष नुकतंच लागलं होतं. गारठा होता आणि वाऱ्यासोबत साखर कारखान्याकडचा मळीचा वास येत होता. बॅगा डिकीत गेल्या. चुलतभाऊ, चर्चमधल्या दोन काकू, सगळे एकेक करून माझ्या शेजारी उभे राहिले आणि फोटो निघाले. आईची पाळी आली तेव्हा तिनं तळहात मोबाईलवर ठेवला आणि कॅमेरा झाकून टाकला. "जित्या माणसाचा फोटो कशाला पाहिजे?" ती म्हणाली. मग तिनं माझ्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली. सावकाश, आंधळी माणसं चेहरा ओळखतात तशी. "जातो म्हणू नगं. येतो म्हण." ती अजूनही गावाकडच्या बायकांसारखी येतो-जातोच म्हणते. मी म्हटलं, "येते."

गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून सगळे दिसले. बाकीचे हात हलवत होते. आई ट्यूबलाइटच्या खांबाखाली नुसती उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. निरोप द्यायला आलेल्या माणसासारखी ती दिसतच नव्हती. फार आधीपासून तिथंच उभी असावी, आणि आम्ही सगळे तिच्यासमोरून ये-जा करत असू, असं वाटत होतं. मला तिची भीती वाटली. आपल्याच आईची अशी भीती का वाटावी, हे मला पुढे बरीच वर्षं कळलं नाही.

तुमच्यापैकी जे तिथंच राहिले ते मला विचारतात, इतक्या लांब करमतं का. जे माझ्यासारखे निघाले ते हे विचारत नाहीत, ते हवामानाबद्दल बोलतात. मी दोघांसाठी लिहिते आहे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं आणि चर्चपुरतं आहे. पण ही गोष्ट इंग्रजीत सांगता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

मी ॲबर्डीनला राहते. समुद्राला लागून असलेलं, करड्या दगडाचं शहर. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचे कान तपासते. आमच्याकडे एक छोटी बंद खोली आहे, तिला बूथ म्हणतात. भिंतींना जाड स्पंज, एकामागे एक दोन दारं. आत बसलेल्या माणसाच्या कानांवर हेडफोन असतात आणि हातात एक बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी. मी काचेपलीकडून आवाज पाठवते. काही जण मी काहीच पाठवलेलं नसताना बटण दाबतात. विचारलं तर शपथेवर सांगतात, आला होता आवाज. बहुतेक एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात. मी ते चूक म्हणून नोंदवते. पण हल्ली नोंदवायच्या आधी मान वर करून त्यांच्याकडे बघते.

बोलण्यापेक्षा ऐकणं मला आधीपासूनच सोपं जातं. आमचं घरही तसंच होतं. चर्चच्या मागच्या चाळीत दोन खोल्या, आणि एकाही भिंतीवर फोटो नाही. पप्पा गेले तेव्हा लोकांनी त्यांचा फोटो फ्रेम करून आणला, तो आईनं कपाटात ठेवला. पलंगाच्या वर एक खिळा मात्र होता, आमच्या आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला. त्यावर तिनं कधी काही लावलं नाही आणि तो काढूही दिला नाही. लहानपणी मी समजायचे की ख्रिस्ती लोक फोटोला हार घालत नाहीत, म्हणून फोटोच लावत नाहीत. शेजारच्या घरांत लग्नाचे नि बाप्तिस्म्याचे फोटो भिंत भरून होते, ते मला दिसत होते. तरी मी तेच समजायचे.

आई मूळची शाहूवाडीकडच्या एका शेतकरी घरातली. शालन तिचं नाव. कोल्हापूरला शिवणकाम शिकायला आली, पप्पांशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि माहेर तिथं संपलं. पप्पांची आजी कुठल्या वस्तीतून उठून चर्चमध्ये आली होती हे आईच्या घरच्यांना कळलं होतं, त्यामुळे धर्मापेक्षा ते जास्त लागलं. मला एवढंच सांगण्यात आलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना निरोप आला की आजी शेवटच्या दुखण्यात आहे. आई मला घेऊन निघाली. मलकापूरची एसटी, मग तिकटीवर उतरून चालत. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. तिथं एक आंब्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी लिंबं आणि फुटके नारळ पडलेले असतात. कडक ऊन होतं. घराचं दार उघडं होतं आणि दारात मामा उभा होता. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. त्याचं नाक आईचं होतं.

आई पायरीशी थांबली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण पावणं? कुनाकडं आलाय?"

आमच्याकडे अनोळखी माणसाला असं विचारतात, आपुलकीनंही विचारतात. सख्ख्या बहिणीला विचारत नाहीत.

आतून एका बाईचा आवाज आला, "कोण हाय वो?"

मामा मागे न वळता म्हणाला, "कोण न्हाय. वाट चुकल्यात पावणं."

आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून आत, भिंतीकडे बघत होती. तिथं काय आहे ते माझ्या उंचीवरून दिसलं नाही. मग ती म्हणाली, "व्हय. वाट चुकलो," आणि माझा हात धरून वळली. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. त्याच आठवड्यात आजी गेली.

त्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणत होते. क्षमेची ओळ आली, आम्ही जशी इतरांना क्षमा केली तशी आम्हाला कर अशा अर्थाची, आणि माझा आवाज थांबला. मी ठरवून केलं नव्हतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढच्या ओळीला तो परत आला. मग दर रविवारी तसंच होऊ लागलं. शाळेच्या असेंब्लीत हीच प्रार्थना इंग्रजीत असायची, तिथंही. पुढे ॲबर्डीनच्या चर्चमध्ये मोजक्या म्हाताऱ्या बायकांमध्ये बसून म्हणायला लागले, तिथंही त्या जागी गप्प. एकदा शेजारच्या बाईनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं होतं.

आता आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. दुसरीकडे कुठं मी ती ऐकलेली नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रभुभोजन असतं, म्हणजे पुढे मेजापाशी जाऊन प्रभूच्या नावानं पाव घ्यायचा. त्याआधी, नाताळ ते वर्षाअखेर या आठवड्यात, ज्याच्याशी आपलं बिनसलं आहे त्याच्या घरी जाऊन पाणी पिऊन यायचं. चूक कुणाची हे काढायचं नाही. बोललंच पाहिजे असंही नाही. दारात जायचं, पाणी मागायचं, बसून प्यायचं, परत यायचं. हे कुणी सुरू केलं ते आता सांगता येत नाही. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांना लोकांच्या दारात पाणी मिळत नव्हतं त्यांनी पाणीच का निवडलं असेल, हे समजायला फार हुशारी लागत नाही. त्या आठवड्यात चाळीतली माणसं एकमेकांच्या घरातून पदरानं नाहीतर बाहीनं ओठ पुसत बाहेर पडताना दिसायची. जो पाणी पिऊन आलेला नाही तो पहिल्या दिवशी मेजापाशी जात नाही. कुणी अडवत नाही, आपणच बाकावर बसून राहतो. पप्पा म्हणायचे, "मनात धरून घेतलास तर तो नुसता बेकरीतला पाव."

दर वर्षी आई आणि मी बसून राहायचो. लोकांना वाटायचं, ह्या मायलेकी लाजऱ्या आहेत.

गेल्या नाताळला मी घरी गेले. करंज्या झाल्या, शेव झाली, शेजारी ताटं वाटून झाली. मग एका सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "गावाकडं जाऊया. पाणी पिऊन येऊ."

"त्यानं तुला ओळखलं नाही, आई."

"त्यानं न्हाय ओळखलं. मी तर ओळखतो की त्याला."

"आजीला शेवटचं बघू दिलं नाही त्यानं."

"व्हय."

"आणि तू त्याच्या घरी पाणी पिणार?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "किती दिवस धरून बसू? मूठ आवळून प्रभूपुढं हात कसा पसरायचा?"

मी तिच्या सोबतीला म्हणून निघाले. पाणी प्यायचं नाही हे मनात पक्कं होतं.

एसटीत आमच्या शेजारी एक म्हातारी होती. बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून भाताची कापलेली शेतं एकदम दिसायची आणि एकदम नाहीशी व्हायची. कुठं उतरणार, तिनं विचारलं. आईनं तिकटी म्हणून सांगितलं.

"तिकटीला? मग थांबू नगा तिथं. वरीस सरायला आलं की ती जागा वंगाळ."

"का वो मावशी?" आईनं विचारलं.

"बाई हुबी ऱ्हाती आंब्याखाली. दर साली, ह्याच दिसांत. दोन्ही खांद्यावरनं पदर. गावाच्या वाटंकडं त्वांड करून नुसती हुबी. आन् कोल्हापूरची गाडी येऊन गेली की दिसत न्हाय."

"कुणाला काय करती का?"

"काय न्हाय करत. पर पोरांना तिकडं सोडत न्हाईत लोकं. माझ्या जावंनं बघितलीया. सावली पडत न्हाय म्हनं तिची."

"पडती की," आई म्हणाली. "ऊन असलं की पडती."

म्हातारीनं आईकडे बघितलं. मग तिच्या दोन्ही खांद्यांवरच्या पदराकडे. पुढच्या थांब्याला ती उतरली आणि पिशवी छातीशी धरून, मागे न बघता धुक्यात गेली.

मी आईकडे वळले. "तू येत होतीस?"

"तिकटीपर्यंत," आई बाजारातलं काही सांगावं तसं म्हणाली. "तुझे पप्पा गेल्यापासनं दर साली, कापड आणायला म्हणून सांगून. पुढं पाय उचलायचा न्हाय. परतीची गाडी आली की बसायचो. औंदा तू हाईस."

म्हणजे मी बूथमध्ये लोकांना आवाज पाठवत होते तेव्हा माझी आई इथं एका झाडाखाली उभी होती, आणि एका गावानं तिची भूतकथा करून टाकली होती. स्टँडवरच्या त्या संध्याकाळी मला कशाची भीती वाटली होती ते तेव्हा कळलं. ती ज्या तऱ्हेनं उभी होती, त्या तऱ्हेनं जिवंत माणसं उभी राहत नाहीत.

तिकटीपासून आम्ही चालत गेलो. धुक्यात आमच्या चपलांचाच आवाज येत होता. घर तेच होतं, वर कौलांच्या जागी पत्रा आला होता. ओट्यावर मामी तांदूळ पाखडत बसली होती. म्हणजे मामीच असणार, मी तिचा फक्त आवाज ऐकला होता. आई मागे राहिली होती, म्हणून मामीला आधी मी दिसले. सूप तिच्या हातातून सुटलं. तांदूळ ओट्यावर पसरले. ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं बसल्या जागी हात जोडले.

"शालनवन्सं," ती मला म्हणाली, "काय चुकलं असंल तर पोटात घाला."

मी मागे वळून बघितलं. मग पुढे, उघड्या दारातून आत. समोरच्या भिंतीवर माझा फोटो होता. माझं कपाळ, माझी हनुवटी, मी कधीच न घातलेलं पोलकं आणि दोन वेण्या. त्याला झेंडूचा हार होता आणि काचेवर, कपाळाच्या जागी, कुंकू. क्षणभर मला अगदी खरं वाटलं की तिकडे लांब, त्या करड्या शहरात, मी मेले आहे आणि मला कुणी कळवलेलं नाही.

"ती न्हाय वैनी," मागून आईचा आवाज आला. "शालन मी. ही माझी लेक, रूथ."

मामी उठून आली. तिनं आईच्या दंडाला हात लावला, मग चांगला चिमटा काढला. "गरम हाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

तिला सांगण्यात आलं होतं की नवऱ्याची बहीण तरणीताठी असताना विहिरीत पाय घसरून गेली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा फोटो भिंतीवर होताच. दर सणाला तिनं त्याला हार घातला होता. दर पितृपक्षात, म्हाळाच्या दिवशी, घरातल्या गेलेल्या माणसांबरोबर शालनच्या नावाचं पानही तिनं पत्र्यावर ठेवलं होतं. कावळा घासाला शिवला की मेलेलं माणूस तृप्त झालं म्हणायचं, ते तुम्हाला माहीत आहेच.

"बाकीच्यांच्या पानावर तुटून पडायची की वो कावळं," मामी सांगत होती. "सासऱ्याचं खायाची, सासूचं खायाची. तुमच्या पानाकडं बघायची सुदीक न्हाईत. म्या म्हनायचो, काय बया हिची विच्छा ऱ्हायली असंल! पुरणपोळी केली. शेवया केल्या. एका साली तर मलकापुरातनं बटाटवडा आणून ठिवला."

"वड्याला पण न्हाय शिवला?" आईनं विचारलं.

"न्हाय की वो!"

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. हसता हसता मामीनं पदर डोळ्यांना लावला. "तवा एकदा दारात तुम्हीच आलतासा का? हे म्हनलं पावणं वाट चुकल्यात." आईनं मान हलवली. मामी सांडलेले तांदूळ सुपात भरू लागली.

मग तिनं आम्हाला आत नेलं. दोन पेले भरून आणले. आई पलंगावर, स्वतःच्या हार घातलेल्या फोटोच्या बरोबर खाली बसली, आणि तिनं सबंध पेला एका दमात संपवला. माझा पेला माझ्या हातात होता. पाणी गार होतं. मी तो पलंगाखाली सरकवून ठेवला. मामीनं ते बघितलं. आईनंही बघितलं.

तेवढ्यात मामा शेतातून आला. तो दारातच थांबला. या वेळी आम्ही आत होतो आणि तो बाहेर. वाळून गेला होता. नाक तेवढं तसंच होतं.

"आलीस व्हय?"

"आलो."

तो उंबऱ्यावरच बसला. मामीचा आवाज चढला. "जित्या भनीला मारली व्हय वो तुम्ही? आन् वर मला रांधायला लावलंसा?" आईनं तिला थांबवलं, आणि आम्ही का आलो ते साध्या शब्दांत सांगितलं, पाण्याची ती रीत.

मामानं खाली बघत विचारलं, "आन् न्हाय पिलं तर?"

"तर नव्या वर्साला मेजापाशी जाता येत न्हाय. पाव घेता येत न्हाय."

त्याची नजर पलंगाखालच्या भरलेल्या पेल्यावर गेली. आई उठली, मागोमाग मी. परतीच्या गाडीत आई तोंड उघडं टाकून लहान मुलासारखी झोपली. मी जागी होते. तिकटी मागे पडली तेव्हा आंब्याखाली कुणी नव्हतं, तरी मी तिथं बघत राहिले.

नव्या वर्षाची सकाळ. चर्च भरलं होतं, कोऱ्या साड्यांचा वास होता. आई पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसली होती. मी दाराजवळच्या बाकाच्या कडेला बसले, नेहमीप्रमाणे बसून राहण्यासाठी. पाळकांचं बोलणं चालू असताना मला दारातून फाटकापाशी, धुक्यात, एक माणूस दिसला. डोक्यावर टॉवेल, खांद्याला चपटी पिशवी, दोन्ही हात बाजूला सरळ सोडलेले. आत बघत नुसता उभा. आईसारखाच.

मी बाहेर गेले. तो पायरीपर्यंत आला आणि थांबला.

"पाणी मिळंल का, पावणं?"

चेष्टा नव्हती ती. त्याच्या तोंडून दुसरा शब्दच निघाला नसावा. या वेळी अनोळखी तो होता आणि दार माझं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, वाट चुकलात तुम्ही. सतरा-अठरा वर्षं ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं. मी ओसरीवरच्या माठाकडे गेले आणि स्टीलचा पेला भरून आणला.

गावाकडची माणसं परक्या घरी पेला उंच धरून वरून पितात. त्यानं पेल्याला ओठ लावले. सगळं पाणी संपेपर्यंत काढले नाहीत.

"तू त्या दिवशी पिलं न्हाईस," तो म्हणाला. "म्हटलं, पोरीचं अडाय नगो. आपनच जाऊन पिऊन यावं."

मी विचारलं, "ती मेली म्हणून का सांगितलंत?"

"तुझ्या आज्यानं, आबांनी, फटू लावला. काढायची माझी छाती झाली न्हाय. मग रोज त्येच खरं व्हत गेलं."

"मग घास तरी कशाला ठेवत होता?"

तो रिकाम्या पेल्यात बघत म्हणाला, "कावळा शिवला न्हाय की मला कळायचं. हाय म्हनून. वरीसभर बरं वाटायचं." मग म्हणाला, "एका साली, तुझी मामी आत गेल्यावर, शिवला. तवा हितं आलतो. त्या तिथं, रस्त्यापलीकडं हुबा ऱ्हायलो. दोडक्याचा भाव करत व्हती. मग गेलो परत."

हे सगळं खरं मानावं का, मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही नाही. आजीला भेटू दिलं नाही ते तर राहिलंच होतं. क्षमा करताना छातीत काहीतरी ऊबदार होईल असं मी समजत होते. तसं काही झालं नाही. बूथमधला माणूस तपासणी संपल्यावर हेडफोन काढतो आणि त्याला एकदम कॉरिडॉरमधली पावलं, दारं, खोकला सगळं ऐकू येतं, तसं झालं. रस्त्यावरची गाडी ऐकू आली. मामाचा श्वास ऐकू आला. आत सगळे प्रार्थनेला उभे राहिल्याचा आवाज आला. मी पायरीवर उभी राहून त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागले. ती ओळ आली, गेली, आणि पुढच्या ओळीत मला कळलं की मी ती म्हटली होती. मोठ्यानं म्हटली असणार, कारण मामानं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला होता.

"जा आत," तो म्हणाला. "तुझं ऱ्हाईल."

मी गेले. आईच्या मागे रांगेत उभी राहिले, हात पसरला, पाव घेतला. आईनं वळून बघितलं नाही, पण तिचा खांदा हलला.

बाहेर आलो तेव्हा मामा नव्हता. फाटकापाशी गाड्या लावणाऱ्या मुलांना विचारलं. कुणीच त्याला येताना किंवा जाताना बघितलं नव्हतं. पायरीवर पेला पालथा घालून ठेवला होता. शेजारी टॉवेलात गुंडाळलेला फोटो होता, हाराशिवाय.

घरी आल्यावर आईनं फोटोची काच साबणानं धुतली. कुंकू लाल ओघळ होऊन मोरीत गेलं. "किती बारीक होतो मी," ती म्हणाली. मी पलंगावरच्या खिळ्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. "इथं नगं. तू ने तिकडं. तिथं मला कोण मेलेली म्हणणार न्हाय." आणि मी निघाले त्या संध्याकाळी, स्टँडवर, तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "काढ आता फोटो." त्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आले आहेत. मी तो तसाच ठेवला आहे.

आता पुन्हा डिसेंबर आहे. आईचा जुना फोटो माझ्या खिडकीत उभा आहे. साडेतीनला बाहेर अंधार झाला की खिडकीच्या काचेत माझा चेहरा त्याच्या शेजारी उमटतो आणि कुठला कोण ते काही वेळ कळत नाही. फ्लॅटमेटनं विचारलं होतं, ही तूच का. मी हो म्हटलं. समजावून सांगायला खूप बोलावं लागलं असतं.

मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपल्याला ओळखतात ती जागा, आणि ती मी सोडून आले. आता तसं वाटत नाही. दारातून परत पाठवलं तरी ज्याच्या तिकटीपर्यंत पाय दर वर्षी जात राहतात, ते घर. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हालाही कुणीतरी असं लांबून बघत उभं असेल. त्याला भिऊ नका. पाणी विचारा.

आई या आठवड्यात गावी गेली आहे. मामा तिला आणायला तिकटीवर आला होता. मामीनं व्हॉइस मेसेज पाठवला, तो मी दुपारी पेशंट नसताना बूथमध्ये नेला. दोन्ही दारं लावून पेशंटच्या खुर्चीत बसले, हेडफोन घातले. बटणाची वायर मांडीवर होती, सवयीनं बटण हातात घेतलं. आधी कोंबड्यांचा आवाज, मग मामी.

"रूत, मामी बोलतोय. औंदा म्हाळाला तुझ्या आईचं पान ठिवलं न्हाय. तर एक कावळा दिसभर पत्र्यावर बसून व्हता बघ, हिकडं तिकडं मान करत. आन् गावात म्हनत्यात, तिकटीवर आता दोघं दिसत्यात. म्या काय सांगितलं न्हाय कुणाला, भिऊ देत." ती हसली. मागे आईही हसली. मग मामीचा आवाज जवळ आला, जणू तिनं फोन तोंडाशी धरला असावा. "तुझा त्यो पेला तसाच हाय पलंगाखाली. रोज सकाळी ताजं पाणी भरून ठिवतो. बेगीनं ये पावणं, कावळा शिवायच्या आत."

मेसेज संपला. बूथमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. माझा अंगठा बटणावर दाबलेला होता.